झिजलेल्या मापाचे छर्रे

चहात साखर घालताना तपासनीस चमच्याचा माथा सुरीनं सपाट करत. दुसऱ्यानं लावलेलं कुलूप ओढून बघत. दुसऱ्यानं घडी केलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत. कारखान्यात मापं तपासून ते निवृत्त झाले, पण माल नापास करायची सवय सुटली नाही. आता घरच्यांची पाळी होती.

बायकोचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज पायडल मारा, नाहीतर सांधा आखडेल." तपासनिसांनी वडिलांची जुनी सायकल अडगळीतून काढून स्टँडवर चढवली. पायडलं करकरत होती.

"संध्याकाळपर्यंत बेअरिंगचे छर्रे बदलून देतो," म्हणाले आणि दोन्ही पायडलं खोलून बसले.

ती संध्याकाळ काही उगवलीच नाही. जुना एकेक छर्रा त्यांनी मायक्रोमीटरनं मोजला आणि नेमके त्याच मापाचे नवे शोधत बाजार पालथा घातला. दुकानदारानं पुडी सोडली की हे मोजायचे आणि मान हलवायचे, "जाड आहेत." पुढे पुढे त्यांना लांबून बघूनच एक जण शटर अर्धं ओढून घेऊ लागला.

बायको खुर्चीत बसून पाय मागे घ्यायला बघायची. टाच खुर्चीखाली जाईना.

"अहो, सगळ्या बाजाराचे छर्रे जाड कसे?"

"मापाची चाड आहे का हल्ली कुणाला!"

"जुने झिजले म्हणूनच बदलताय ना? मग झिजलेल्या मापाचे नवे कोण बनवेल? डॉक्टर नाही बसले माझ्यासाठी झिजलेला गुडघा शोधत."

"गुडघ्याचं वेगळं असतं," तपासनीस समजुतीनं म्हणाले.

तिनं बॅग भरली. धाकट्या बहिणीकडे साधी बाजारू सायकल होती.

"तिची पायडलं प्लास्टिकची आहेत!" ते दारापर्यंत मागे आले.

"असू देत. गुडघ्याला नाही कळत."

काही दिवसांनी तिचा फोन आला. "आज पाय पुरता वाकला हो!"

"वा," तपासनीस म्हणाले. "तिकडे छर्रे कुठे मिळतात, जरा बघशील?"

शेवटी नाइलाजानं त्यांनी त्या जाड छऱ्यांनीच उजवं पायडल जुळवलं. ते लोण्यासारखं फिरलं. त्यांनी कान लावला. खोट सापडेना. चष्मा पुसला, पुन्हा फिरवून पाहिलं. तरी सापडेना.

मग त्यांनी ते परत खोललं. डावं तर अजून तसंच खोललेलं पडलंय.