गुणी बाळाचा गुडघा

"उघडं करा आधी!" आमचे डॉक्टर नमस्काराच्या जागी हेच म्हणत. थेरगावातल्या छोट्या हॉस्पिटलात मी नवजात बाळांची नर्स. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दिसलं की हे खेकसणार, आई घाबरणार, आणि समजूत घालायला मी! गोड बोलण्याचा या माणसाने उपास धरला होता जणू. असा एखादा तुमच्याही नशिबी आला असेलच.

बूट चकाचक, शर्टाचं बटण मात्र भलत्याच काजात. सांगायला जावं तर, "सिस्टर, माझ्याकडे नको, बाळाकडे बघा."

गावातल्या जुन्या घरातला एक नातू, दिवस भरण्याआधीच जन्मलेला. त्याच्या रक्तात बुरशी झाली.

"बुरशी भाकरीला येती, लेकराला न्हाई!" आजी कडाडली.

"मग भाकरीचा डॉक्टर शोधा," हे म्हणाले. बोलायची रीत बघा!

तरी बाळ बरं होऊन घरी गेलं, आणि काही आठवड्यांनी बारशाचं आम्हाला आमंत्रण आलं. मांडव, डीजे, अख्खी गल्ली जेवायला. बाळ दुपट्यात घट्ट. आजी कौतुकाने म्हणाली, "लई गुणी हाय. पाय बी हलवत न्हाई."

डॉक्टरांनी हातातली जिलबी टाकली आणि भर मांडवात बाळाचं दुपटं सोडलं.

"अवो, दृष्ट लागंल!"

एक पाय झाडत होता, दुसरा निपचित. गुडघा सुजलेला. बोट लावताच बाळ किंचाळलं. रक्तातली बुरशी हाडात जाऊन बसली होती. उशीर झाला असता तर सांधा झिजून पोर जन्मभर लंगडलं असतं.

"नाव तरी ठिवू द्या!"

"नाव उद्या ठेवा. पाय आज वाचवायचाय."

सर्जनने गुडघ्यातला पू काढला. मग कित्येक आठवडे सलाइनमधून औषध. आजी रोज येऊन भांडायची, "भरल्या मांडवातनं लेकरू उचाललं!" डॉक्टर ऐकून घेत आणि बाळाच्या तळव्याला बोट लावून उभे राहत. एके दिवशी त्या पायाने यांचा चष्मा उडवला. "पाडला की हो नालायकाने!" हे कौतुक लिफ्टवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकावं लागलं.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. छातीत दुखत होतं, तर कुणाला सांगितलं नाही शहाण्याने! माझा तो राग अजून गेलेला नाही.

परवा आजी आली. नातू व्हरांड्यात सुसाट पळत होता.

"कुठाय तुमचा खडूस? ह्यो एका जागी बसंना. आज चांगली हजेरी घेते त्याची."

मी सांगितलं. आजी बाकावर टेकली. पोर बाकड्यांवरून उड्या मारत होतं, तिने अडवलं नाही.

"आता मी भांडू कुणाशी, बाई?"