तुळशीरामजींची स्ट्रॉबेरी

तुळशीरामजींच्या शेतावर कोणीही गेलं की ते आधी त्याच्या हातावर एक स्ट्रॉबेरी ठेवत. तो ती चावून संपवेपर्यंत बघत राहत आणि मग विचारत, "रोज खाल का जी?" छातीठोकपणे हो म्हणणारा माणूस मला भेटला नाही. "मंग मी विकू कोनाले?" म्हणत ते पुन्हा वाफ्याकडे वळत.

मोहाडी तालुक्यात मी कृषी सहायक होतो. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यावर वरिष्ठांना काहीतरी नवं दाखवायचं होतं. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, स्ट्रॉबेरी ही माझी हौस, आणि तुळशीरामजींना कुणाला नाही म्हणता येत नसे. रोपं थेट महाबळेश्वरहून आणली. पीक बरं आलं. पण पहाटे फळं खुडायची, डबे भरून नागपूरच्या बसवर चढवायचे, दुपारपर्यंत विकला नाही तर माल मऊ. दोन हंगामांत माणूस पार वाळला. "धान मानसाले झोपू तरी देते साहेब," ते म्हणत, "हे फळ डोया लागू देत नाही."

तरी कागदावर नफा होता. तो हिशेब मीच मांडला होता.

तिसऱ्या हंगामात वीस शेतकरी आणि माझे वरिष्ठ त्यांच्या बांधावर यायचे ठरले. माझी बढती त्यावर अडली होती. आदल्या दिवशी जाऊन मी बजावलं, "फक्त परवडते म्हणा, बाकी मी बोलतो." त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी एकानं सरळ विचारलंच, "परवडते का, तुळशीरामजी?" त्यांनी खुडणी करणाऱ्या बायकोला हाक मारली, "रुखमे, इकडे ये." ती कंबरेवर हात ठेवून, वाकलेलीच आली.

"मले कायले दाखवून राहिले? वाफे दाखवा," ती म्हणाली. दोघेतिघे हसले.

"साहेबाच्या कागदात हिची मजुरी नाही," तुळशीरामजी म्हणाले. "माही बी नाही. ते धरली तं काहीच उरत नाही. तुमी पाहा बाप्पा."

मी संतापलो. निरोप न घेता निघालो. बढती राहिली ती राहिलीच, आणि त्या वीस जणांपैकी एकानंही स्ट्रॉबेरी लावली नाही. तुळशीरामजींनीही पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरी सोडून लाखोळीची डाळ टाकली. काही वर्षांनी ते गेले. मी मातीलाही पोचलो नाही, याचं आज वाईट वाटतं.

माझ्या निरोप समारंभात लोकांनी माझी बरीच कामं मोजली. मी थकून ऐकत होतो. वीस घरं बुडता बुडता वाचली, हे त्यात कुणी घेतलं नाही. नोकरीत माझ्या हातून झालेलं खरं काम तेवढंच, आणि तेही तुळशीरामजींनी माझं ऐकलं नाही म्हणून.