चर्चचे पुस्तक

कंपनीने ट्रेनिंगसाठी इटलीला पाठवले, तेव्हा शेवटच्या दिवशी मी फ्लॉरेन्समधले एक जुने चर्च पाहिले. तिथे फरशीतच कबरी होत्या. कोकणात आम्ही मुसलमान कबरीवर पाय देत नाही, म्हणून भिंतीच्या कडेकडेने चालत चित्रे पाहिली आणि तिथल्या चित्रांचे पुस्तक विकत घेतले.

सौदीत परतताना दम्मामच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने ते बॅगेतून काढले. पानोपानी क्रूस होते, आणि असली पुस्तके सौदीत आणायला बंदी. हुफूफच्या आमच्या प्लांटमध्ये परदेशी माणसांच्या जागी सौदी भरती सुरू होती. मला काढायला एवढे कारण पुरले असते.

“हे काय?”

“जुन्या कबरी आहेत.”

“खलास. हे इथेच राहील. यल्ला, जा.”

टॅक्सीत बसल्यावर आठवले. आम्ही कामगार राहतो त्या कॅम्पात वस्तूंची अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक वस्तूवर नाव घालायची आम्हाला सवय होती. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मी माझे नाव, कंपनी आणि खोली नंबर लिहिला होता.