उकिरड्यावरचं नाव

लेकीच्या ऑफिसात सर्बियाचा एक माणूस आहे. त्याचं नाव वुक. त्यांच्या भाषेत वुक म्हणजे लांडगा, असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी लातूरच्या घरात बसून खो खो हसलो. "आईबापाला दुसरं नाव सुचलं न्हाई व्हय?" म्हणालो.

"हसू नका बाबा. त्यांच्याकडं पूर्वी ज्या बाईची लेकरं जगत नसत, ती पुढच्या पोराचं नाव लांडगा ठेवायची. लेकरं खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याला भितात, असा समज होता. लई जुनं नाव हाय ते."

माझं हसू तिथंच जिरलं. कारण माझंही पहिलं नाव तसलंच, आणि लेकीला ते माहीत नाही.

माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली. मी झालो तेव्हा तिनं मला उमरीच्या घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बांगड्यावाल्या खालानं उचललं, आणि आईनं सूपभर जवारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडं मरणाचं लक्ष जात नाही म्हणून. नावही केरकचऱ्याचंच ठेवलं. ते इथं लिहायचा मला अजून धीर होत नाही. शाळेत हजेरीला सगळा वर्ग हसायचा. नोकरी लागताच मी अर्ज केला, राजपत्रात छापून चांगलं झकास नाव घेतलं आणि लग्नाआधी आईला बजावलं, सुनेसमोर जुनं नाव काढायचं नाही.

तिनं ते पाळलं. पण नवं नावही कधी तोंडात घेतलं नाही. तेव्हापासून मी तिच्यासाठी नुसता "अरे" नाहीतर "ऐक की". मला ते सोयीचंच वाटलं होतं, याची आता लाज वाटते.

दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन उमरी गाठली. आई आता बाजेवरच असते. बायको आत चहा टाकायला गेली तसा मी आईजवळ बसलो.

"माय, मला माझ्या नावानं हाक मार. पहिल्या."

तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"सूनबाई घरातच हाय की रं. ऐकंल ना."

"ऐकू दे."

तिनं हाक मारली. पण आवाज काढला नाही, नुसते ओठ हलवले.