सशाचा मानकरी

या प्रवासात आम्ही पुणे महापालिकेची हद्दसुद्धा ओलांडली नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ‘हे कसलं प्रवासवर्णन?’ असं विचारायला मुद्दाम वेळ काढून येणाऱ्या वाचकांचा तेवढा वेळ वाचेल. पण खरं सांगते, लडाखहून परतले तेव्हाही डोकं इतकं गरगरलं नव्हतं. तेव्हा निदान उंचीला दोष देता आला.

जायचं ठरलं ते असं. आमचा दहा-बारा जणांचा एक गट आहे. सणावारांना आणि यात्रांना वन्य प्राण्यांचे जे हाल होतात, म्हणजे टोपलीतले उपाशी नाग, दिवाळीच्या सुमारास चोरून विकली जाणारी घुबडं, त्यांचं चित्रण करायचं, वनखात्याकडे रीतसर तक्रार द्यायची आणि पुढच्या वर्षी जाऊन फरक पडला का ते बघायचं, हे आमचं काम. गेल्या वर्षी चैत्रात एका गावच्या यात्रेचा व्हिडिओ आमच्याकडे आला. डोंगर झोडपून पकडलेला रानससा, त्याच्यावर गुलाल, भोवती ढोल-ताशे आणि त्याला देवापुढे उंच धरणारा पांढऱ्या फेट्यातला एक म्हातारा. बघता बघता ससा त्याच्या हातातच निपचित होतो. मारावं लागत नाही, भीतीनंच त्याचं काळीज बंद पडतं. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, पण त्या म्हाताऱ्याचा मला मनापासून संताप आला होता.

तक्रार झाली, गावाला समज दिली गेली. यंदा बघायला कोण जाणार? ‘तुम्ही जा. तुम्ही कुणाच्याही मावशी वाटता, संशय येणार नाही,’ असं आमच्या गटाचे प्रमुख म्हणाले. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. सरांचा नियम एकच: फक्त चित्रण करायचं, मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलं की पुरावा नासतो.

सोबतीला शकूरकाका होते. मार्केट यार्डात चाळीस वर्षं टेम्पो चालवला, आता निवृत्त, आणि मांज्यात अडकलेल्या घारी सोडवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मी विश्रांतवाडीहून साडेसहाला निघाले आणि सातला गुलटेकडीला त्यांना घेतलं. त्यांनी गाडीत बसायच्या आधीच किल्ली मागितली. म्हणाले, ‘‘ताई, गाडी मी चालवतो. तुम्ही रस्ता बघता, मी खड्डे बघतो.’’ यार्डाबाहेर कटिंग चहा आणि क्रीमरोल झाला. हा नाश्ता नाही, हे पुढे उन्हात कळलं. तुम्ही निघालात तर पोटभर खाऊन निघा.

गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. शहराच्या दक्षिणेला, नुकतंच पालिकेत आलेलं गाव. गाव पालिकेत आलंय, पालिका अजून गावात पोचायची आहे. पंचवीस मजली इमारतींच्या पायाशी कडब्याच्या गंज्या, पाण्याच्या टँकरांची रांग आणि या सगळ्यातून अजून उरलेला एक बोडका डोंगर. बस फाट्यापर्यंत जाते, पुढे दीड किलोमीटर चाल आहे. गाडी असेल तर शाळेच्या मैदानात लावा, पन्नास रुपये घेतात. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. आणि देवळाच्या डाव्या हाताला तिसऱ्या दुकानातली गोडी शेव घेतल्याशिवाय येऊ नका, मी दोनदा घेतली.

देवळाच्या मंडपात टेकले तर शेजारी तोच म्हातारा. फेटा तोच, चेहरा तोच. पर्समधल्या मोबाइलवर मी हळूच रेकॉर्डिंग चालू केलं. सगळे त्याला आबा म्हणत होते. मावशीपणाचा सगळा जोर लावून मी विचारलं, ‘‘आबा, सशाची काय पद्धत आहे हो इथे?’’

‘‘मारत न्हाई आमी,’’ आबा आधी तेच म्हणाले. ‘‘भेटीला आनतो. दुष्काळात आमच्या लोकास्नी पानी दावलं ते सशानं. म्हनून वर्सातनं एकदा देवाची न् त्याची भेट. गुलाल लावायचा, डोंगराला परत सोडायचा. सशाचा मान आमच्या घराला हाय, आज्ज्याच्या आज्ज्यापास्नं.’’

‘‘आणि गेल्या वर्षी?’’

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, पकडले गेले. पण ते उठले आणि म्हणाले, ‘‘ऊन लई हाय. आत माठ हाय, पानी प्या.’’ तापल्या फरशीवरून ते अनवाणी चालत गेले. यात्रेचा दिवस, देवाचं काही असेल, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दहा वाजता गावातले पंचवीस-तीस गडी ढोल घेऊन डोंगराकडे निघाले. शिकारीचं लांबलचक जाळं, ज्याला तिथे वाघर म्हणतात, ते दोघांच्या खांद्यावर होतं, पण घडी केलेलं. पायथ्याला वनखात्याचे दोन कर्मचारी उभे. मंडळी वर गेली, तासभर ढोल वाजले आणि जाळ्याची घडी न मोडता खाली आली. मी एका दगडावर बसून सगळं चित्रित केलं. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. सरांना कळवलं, ‘ससा पकडला नाही. यश.’ लगेच तिकडून अंगठा आला. वनखात्याची माणसंही निघून गेली. शकूरकाका मात्र देवळाकडे बघत म्हणाले, ‘‘ताई, ढोल अजून थांबला नाही.’’

आम्ही देवळापाशी पोचलो तर आबांनी टोपली उघडली होती. आत ससा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, पुण्यात दुकानांत पिंजऱ्यातून विकतात तसला. आबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि गर्दीला दाखवला. ‘‘रानचा चालनार न्हाई म्हनून सायबांनी सांगितलं. ह्यो रानचा न्हाई. दुकानातनं आनलाय, ही पावती!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी हसू आलं, मग त्याला डोंगरावर सोडणार हे आठवलं.

मी सरांना फोन लावला.

‘‘पांढरा आहे? नक्की?’’

‘‘पांढरा आहे सर. पावतीसकट.’’

‘‘मग तो वन्य प्राणी नाही. आपल्या कामात बसत नाही. तुमचं काम झालं, परत या.’’

‘‘सर, पण हा डोंगरावर सोडणार आहेत. जन्मात गवत पाहिलेलं नसेल त्यानं.’’

‘‘पाळीव प्राण्यांसाठी वेगळा गट आहे. नंबर पाठवतो,’’ सर म्हणाले आणि त्यांनी खरंच पाठवला. तिथे तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही.

भेट झाली. गुलालानं ससा अर्धा गुलाबी झाला. मिरवणूक डोंगराच्या पहिल्या टेपाडापर्यंत गेली, आबांनी टोपली आडवी केली आणि सगळे ओरडले. रानससा असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दिसेनासा झाला असता. हा तिथेच बसून राहिला. लोक आणखी ओरडले. तो दोन उड्या मारून पुन्हा टोपलीत शिरायला बघू लागला. खाली नव्या बांधकामावरची चार कुत्री उठून उभी राहिली होती, वर घार फिरत होती. आबांनी टोपली मागे घेतली, कारण सोडलेला ससा परत घेत नाहीत. माझा मोबाइल हे सगळं टिपत होता आणि नियम मला पाठ होता.

पहिलं कुत्रं चढायला लागलं आणि मी पळाले. या वयात, या गुडघ्यांनिशी, मोबाइल हातातून सुटला तरी पळाले. सशाला उचलून पदरात घेतलं. ढोल थांबला. सत्तर-ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मी एवढी घाबरले की मला वाटलं, आता माझंच काळीज बंद पडतं.

‘‘कोन बाई ही? देवाचा ससा उचलला!’’ मागून कुणीतरी ओरडलं. शकूरकाका मध्ये येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘कुत्र्यानं नेला असता तर चाललं असतं का दादा?’’

तेवढ्यात आबांची सून सविता पुढे आली. आयटीत नोकरी करते, पाठीवर लॅपटॉपची पिशवी तशीच होती. ती हळू आवाजात मला म्हणाली, ‘‘काकू, प्लीज, त्याला जिवंत ठेवा. गेल्या वर्षी ससा आबांच्या हातात गेला, तेव्हापासून त्यांनी पायात काही घातलेलं नाही. वर्ष झालं. ऑफिसमधून येताना मीच चप्पल आणायचे, ते नुसती बाजूला ठेवायचे.’’

मी आबांच्या पायांकडे पाहिलं. टाचा भेगाळून काळ्या पडल्या होत्या. ज्या माणसाला मी वर्षभर मनात शिव्या दिल्या, तो वर्षभर त्याच सशासाठी अनवाणी हिंडत होता. आणि तरीही तो ससा त्याच्याच हातात मेला होता. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायला गेले की मला आजही काही सुचत नाही.

आबा जवळ आले. सशाला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. ‘‘डोंगरानं घेतला न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्याकडं जगंल का?’’

‘‘जगेल,’’ मी म्हटलं. सशातलं मला काडीचं कळत नव्हतं.

‘‘मग सव्वा महिना बघू.’’ त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि माझा नंबर मागितला.

महाप्रसादाला लापशी, आमटी आणि भात होता, आग्रह करकरून वाढला, पण माझं सगळं लक्ष टोपलीत होतं. परतताना कात्रजच्या गर्दीत तासभर अडकलो. मांडीवरच्या टोपलीत गुलाबी ससा. शकूरकाकांनी एकदा टोपलीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘रानातला वाचला तो आपल्या तक्रारीमुळे. दुकानातला मरायला लागला तोही आपल्याच तक्रारीमुळे. मग ताई, आपण जिंकलो का हरलो?’’ मी म्हटलं, ‘‘काका, समोर बघून चालवा.’’

घरी ओल्या फडक्यानं गुलाल पुसला. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, घाबरलाय, बाकी ठीक आहे. पहिले दोन दिवस तो काही खाईना आणि मी ऑफिसात रजा टाकून बाल्कनीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी शकूरकाका यार्डातून लसूणघासाची जुडी घेऊन आले, तेव्हा त्यानं तोंड हलवलं. माझ्या नवऱ्यानं पेढे आणायची तयारी दाखवली, ती चेष्टा होती हे मला उशिरा कळलं.

अहवाल अजून दिलेला नाही. त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे. आबांचं नाव लिहिलं की मला टाचा दिसतात. नाही लिहिलं की हातात निपचित झालेला तो रानससा दिसतो. सर रोज आठवण करतात. मी पाठवलेल्या व्हिडिओच्या शेवटी, मोबाइल खाली पडल्यावर दिसणारी, पदर खोचून पळणारी बाई कोण, असंही त्यांनी विचारलंय.

आबांचा फोन दर चार दिवसांनी यायचा. ‘‘ससा हाय का?’’ एवढंच विचारायचे. काल सव्वा महिना पूर्ण झाला. सकाळी सातलाच फोन वाजला.

‘‘ससा हाय का, ताई?’’

‘‘आहे की. बाल्कनीतली तुळस खाल्ली त्यानं.’’

मग आबांनी विचारलं, ‘‘मग वहाना घालू?’’

‘‘घाला आबा,’’ मी म्हटलं. ‘‘आजच घाला.’’

‘‘पुढल्या चैत्रात त्याला भेटीला तुमीच घिऊन या. आता सशाचा मान तुमच्या घराला. न्यायचं, आनायचं तुमीच. दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचा न्हाई.’’

नाही म्हणायला हवं होतं. ती प्रथा बंद पडावी म्हणूनच तर मी तिथे गेले होते. गुलाल, ढोल, गर्दी, यातलं काहीच या सशासाठी बरं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आणि मी नेला नाही तर पुन्हा कुठल्यातरी दुकानातून पावतीसकट दुसरा येईल, हेही माहीत होतं. बाल्कनीत तो पुढचे दोन पाय उचलून माझ्याकडे बघत होता.

मी विचारलं, ‘‘किती वाजता यायचं?’’