बंदराच्या बदल्यात गोळ्या

"खाला, ये क्या है?"

बहरीनच्या विमानतळावर कस्टमच्या पोरीने माझ्या बॅगेतून शेवयांची बरणी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरली. बरणीत शेवया नव्हत्या. पांढऱ्या, लांबट, मोठ्या गोळ्या होत्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. सगळ्या सुट्या. वर कागद नाही, नाव नाही.

"दवा," मी म्हटलं.

"किसका?"

"मेरा. बीपी का."

तिने आतल्या माणसाला हाक मारली. त्याने येऊन एक गोळी बोटांत धरली आणि उजेडाकडे करून पाहिली.

"इतना? ये तो हाथी का बीपी है, खाला."

पोरगी हसली. मीही हसले. मग त्याने विचारलं, डॉक्टरची चिठ्ठी? नाही. बाटली, खोका, काहीतरी? नाही.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला दोनदा नीट समजावून सांगितलं. एक तर गोळ्या इथे सोडायच्या आणि घरी जायचं. नाहीतर बाकावर बसायचं. गोळ्या तपासायला जातील, माझं कार्ड ते ठेवून घेतील आणि माझा व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याला आत बोलावतील.

माझा व्हिसा मुलाच्या नावावर आहे. तो बाहेर गाडीची किल्ली फिरवत उभा होता आणि त्याला या गोळ्यांचं काही ठाऊक नव्हतं. गोळ्या एचआयव्हीच्या होत्या. इथे परक्या माणसाच्या रक्तात तो आजार निघाला तर त्याला परत पाठवतात, असं आम्ही सगळेच ऐकून आहोत. माझ्या रक्तात तो नाही. पण ते कळेपर्यंत मुलाच्या ऑफिसात काय काय पोचलं असतं?

"छोड़ दो," मी म्हटलं.

त्याने बरणी कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात उलटी केली. परातीत वाटाणे ओतल्यासारखा आवाज झाला. रिकामी बरणी मात्र त्याने मला परत दिली. चटणी, कुरडया, पापड यांना कुणी हात लावला नाही. पोरीने माझी बॅग स्वतः बंद करून दिली. "यल्ला, खाला," म्हणाली, म्हणजे निघा आता.

बाहेर मुलाने विचारलं, "एवढा वेळ?"

"चटणी बघत होते," मी सांगितलं.

त्या गोळ्या माझ्याकडे चपात्या लाटायला येणाऱ्या बाईच्या मुलीसाठी होत्या.

मी इथे बहरीनमध्ये, सनद भागात मुलाकडे राहते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा तुबलीच्या एका गॅरेजात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. तो गेल्यावर मी त्याच गॅरेजवाल्यांना डबे द्यायला लागले आणि अजून देते. मुलगा ऑफिसात टाय लावून बसतो, त्याला ते आवडत नाही. "आई, लोक काय म्हणतील?" म्हणतो. लोक म्हणतात भाजी छान झाली होती.

ही बाई आफ्रिकेतली आहे. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिची बहीण तिथेच राहते. बाई दुपारपर्यंत एका शाळेत झाडलोट करते आणि मग माझ्याकडे येते. हिंदी ती इथेच शिकली. मला ममा म्हणते. चपाती माझ्या सुनेपेक्षा गोल लाटते, हे मी सुनेला तोंडावर सांगितलेलं आहे.

तिच्या मुलीला तो आजार नवऱ्याकडून आला. नवरा खाणीवर कामाला, कधीमधी घरी यायचा. रोज एक गोळी घेतली की मुलगी धडधाकट. शेतात काम करायची, बाजारात टोमॅटो विकायची. पुढे तिला दिवस गेले. दवाखान्यातली नर्स म्हणाली, गोळी चुकवू नकोस, म्हणजे बाळाला काही होणार नाही. गोळ्या तिथे फुकट मिळायच्या. पैसे एक मोठा देश द्यायचा आणि खोक्यावर त्याचा झेंडा असायचा. बाईने मला एकदा खोक्याचा फोटो दाखवला. माझ्या नातीने बारीक अक्षरं वाचली. गोळ्या बनवलेल्या आपल्या इंडियात.

बाईच्या देशात निवडणूक झाली. जुनं सरकार पडलं, नवं आलं, तेव्हा ही बाई माझ्या स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन नाचली. मुलगी पोट सांभाळत रांगेत उभी राहून मत देऊन आली होती. आधीच्या सरकारने त्या मोठ्या देशाला बंदरावर जागा दिली होती, लढाईच्या जहाजांसाठी. नव्या लोकांनी मतं मागताना सांगितलं होतं की ती जागा परत घेऊ. निवडून आल्यावरही त्यांनी तेच सांगितलं. बहुतेक पुढारी निवडून आल्यावर वेगळं बोलतात. हे बोलले नाहीत, आणि तिथेच अडलं.

थोड्याच आठवड्यांत दवाखान्यात गोळ्या यायच्या थांबल्या.

मी नातीला फोनवर बातमी बघायला सांगितली. ती इथल्या इंग्रजी शाळेत शिकते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते.

"आजी, दे आर रिव्ह्यूइंग द एड."

"मराठीत सांग."

"म्हणजे मदत चेक करतायत. नीट जाते की नाही."

"कुठे जाते ते चेक करायचंय? पोटात जाते."

"इट्स कॉम्प्लिकेटेड, आजी."

मला काही ते कॉम्प्लिकेटेड वाटलं नाही. आमच्या गावी आमच्या वस्तीतली एक बाई सरपंच झाली होती. त्याच आठवड्यात गावातल्या विहिरीवरून वस्तीला पाणी सोडणारी मोटर बंद पडली. मोटर बिघडलेली नव्हती. पाणी देणार नाही, असंही कुणी म्हटलं नाही. विचारायला गेलं की सांगायचे, "माणूस बोलावलाय, बघून जाईल." सरपंचबाईने गायरानाची जमीन वस्तीला द्यायचा ठराव मागे घेतला, त्या संध्याकाळी मोटर सुरू झाली. बघायला आलेला माणूस आम्हाला काही दिसला नाही.

हे मी बाईला सांगितलं. ती लाटता लाटता थांबली.

"उस मॅडम ने कितना दिन पकड़ के रखा?"

"बच्चे बीमार पड़े तब तक."

तिने पुढची चपाती लाटायला घेतली.

त्यांचा मंत्री भाषणात म्हणाला की आम्ही झुकणार नाही. तिने ते फोनवर लावून मला ऐकवलं. मला एक शब्द कळला नाही, पण माणूस तावातावाने बोलत होता आणि समोरचे लोक टाळ्या पिटत होते. तिनेही पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, सरपंचबाईसाठी वाजवल्या होत्या.

मुलगी दवाखान्यात जायची, नर्स म्हणायची वरून आलं की देऊ. मुलीने उरलेल्या गोळ्या पुरवायला एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं, चालतं का असं? बाई म्हणाली, "नर्स मना किया. लेकिन ममा, मफी तो क्या करेगा? आ जाएगा, इंशाल्ला." मफी म्हणजे नाहीच. ती मुसलमान नाही. इंशाल्ला इथे सगळेच म्हणतात.

इथल्या औषधाच्या दुकानात त्या गोळ्यांचं नाव काढायची तिची छाती नव्हती. माझीही नव्हती.

तेवढ्यात गावाकडून भाच्याच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी तिला म्हटलं, गोळ्या आमच्याकडेच बनतात, मी घेऊन येते. दर शुक्रवारी बाब अल बहरीनच्या बाजारात तिच्या देशातल्या बायका जमतात. त्यांतली एक सुट्टीवर घरी निघाली होती, ती पुढे नेणार होती. आपण सगळे गल्फमध्ये असंच करतो. कुणी निघालं की त्याच्या हाती लाडू, कुणी आलं की त्याच्या हाती मसाला. गोळ्याही तशाच जातील असं आम्ही धरून चाललो.

धाकटा भाचा औषधांच्या दुकानात कामाला आहे. त्याने एका डॉक्टरकडून चिठ्ठी मिळवली आणि पिशवीभर बाटल्या आणून दिल्या. मी निघायच्या आदल्या दिवशी भावजय माझी बॅग भरायला बसली. ती अशा कामात हुशार आहे.

"अहो वन्सं, बाटल्या अर्ध्या रिकाम्याच. विमानातून काय हवा घेऊन जाताय?"

तिने सगळ्या गोळ्या काढून बरणीत भरल्या. आमच्याकडे परदेशी जाताना कुणी खोकी नेत नाही. मिठाईचा पुठ्ठा काढतात, साबणाचं वेष्टन काढतात, चपला खोक्यातून काढून त्यांच्यात मोजे कोंबतात. बॅगेचं वजन ठरलेलं असतं, त्यात पुठ्ठा कोण नेणार? मी शेजारी बसून कुरडया पेपरात गुंडाळत होते. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी भाच्याने एका खोक्यात दुमडून ठेवली होती. खोकी भावजयीने बंबात घातली, चिठ्ठीही त्यातच गेली.

पुढे विमानतळावर काय झालं ते वर लिहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आली. दारातच उभी राहिली.

"लाया, ममा?"

मी सांगितलं. कुणी विचारलं, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. चप्पल काढायची विसरली होती.

"खलास?" तिने विचारलं.

"खलास."

मग तिने चप्पल काढली, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी डबे वेळेवर गेले.

मुलाला मी नंतर सांगितलं. तो ओरडला. "आई, तुला कळतं का? मला नोकरीवरून काढलं असतं!"

"म्हणून तर टाकून आले."

"मुळात आणल्यासच कशाला?"

सून मध्ये पडली, "जाऊ द्या, जेवा आता." आम्ही जेवलो.

मी भाच्याला फोन केला, गोळ्या तिकडून सरळ तिच्या देशात पाठव म्हटलं. कुरिअरवाल्याने कागद मागितले. इकडचे डॉक्टर, तिकडचे डॉक्टर, परवानगी. भाचा म्हणाला, "आत्या, दुकानाचा मालक आता माझ्याकडे संशयाने बघतो. दुसऱ्यांदा नको." सुट्टीवर निघालेली ती बाई मोकळ्या हाताने गेली. आमची बाई रोज फोन लावायची आणि फोन ओट्यावर ठेवून काम करायची. मुलगी बोलायची आणि खोकायची. आधी बोलणं जास्त होतं, नंतर खोकला. भाषा मला कळत नव्हती, पण खोकला कळत होता. माझा नवरा पेंटच्या वासाने तसाच खोकायचा.

बाळ झालं, मुलगा. नर्सने सांगितलं, गोळ्या नाहीत तर अंगावर पाजू नकोस. बाई इथून डब्याच्या दुधाची सोय करायची. मुलगी बाळाला मावशीच्या, म्हणजे बाईच्या बहिणीच्या, मांडीवर देऊन दुसऱ्या खोलीत झोपायची, कारण तिला टीबी झाल्याचं निघालं.

मग एक दिवस त्यांच्या सरकारने बंदराचा कागद पुन्हा सही करून दिला. बाईने मला फोटो दाखवला. तोच मंत्री, मोठ्या देशाच्या माणसाशी हात मिळवत होता. दोघांच्या मागे दोन झेंडे. मोठ्या देशाचा माणूस हसत होता. मंत्री खाली बघत होता.

"ममा, हमारा वोट गलत था?"

"वोट बरोबर था," मी म्हटलं. "पलट दे, चपाती करपतेय."

आणखी काय सांगणार होते? मला जे माहीत होतं ते विहिरीच्या मोटरीपुरतं होतं. आमच्या सरपंचबाईने ठराव मागे घेतला तेव्हा तिला आम्हीच नावं ठेवली होती, आणि पाणीही आम्हीच भरलं होतं. या मंत्र्याला तिकडे लोक शिव्या देत होते आणि दवाखान्यापुढे रांग लावत होते. बाईही एका श्वासात त्याला शिवी द्यायची आणि दुसऱ्या श्वासात विचारायची, गाडी गावापर्यंत पोचली असेल का.

गाडी पोचली. खोक्यांवर तोच झेंडा. मुलीच्या मावशीने तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं. तिला गोळ्या मिळाल्या, टीबीच्या आणि या, दोन्ही. पण पोटात काही ठरत नव्हतं. घेतली की ओकायची. बाईने जायचं ठरवलं, पण शाळेच्या ठेकेदाराने सांगितलं, आता गेलीस तर परत बोलावेन याची खात्री नाही. ती गेली तर तिकडे दुधाचे डबे कोण पाठवणार? ती गेली नाही.

बातमी आली तेव्हा आम्ही डबे भरत होतो. बहिणीचा फोन होता. बाई खाली बसली. मी झाकणं लावून डबे पूर्ण केले, गाडीवाला येऊन घेऊन गेला. मग मीही तिच्याशेजारी खाली बसले. पाणी दिलं, ते तिने घेतलं.

बाळाचं रक्त दोनदा तपासलं. दोन्ही वेळा आजार निघाला नाही. आता तो भिंत धरून उभा राहतो, असं त्याची मावशीआजी फोनवर सांगते.

मुलगी गेली. तिचा मुलगा जगला.