थेंबभर डिटर्जंट

पळस्पे फाट्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कंटेनर यार्डांच्या रांगेत एक पांढरी दुमजली इमारत दिसते. बाहेरून ती एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस वाटते. कितीतरी ड्रायव्हर हातात बिल्टी घेऊन थेट आमच्या रिसेप्शनपर्यंत येतात आणि आतला वास आला की मागे फिरतात. ती आमची प्रयोगशाळा. क्षयाच्या जंतूवर चालेल असं नवं औषध शोधण्याचं काम तिथे चालतं. मी केमिस्ट आहे. कागदावर काढलेला रेणू प्रत्यक्ष बनवायचा, शुद्ध करायचा आणि कुपीत भरून पुढे द्यायचा, हे माझं काम. ते मला उत्तम येतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी रुजू झाली. पुण्याची, नुकतीच डॉक्टरेट झालेली. तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर. क्षयाच्या जंतूला आपली भिंत बांधायला एक एन्झाइम लागतं. त्या एन्झाइमच्या अंगावर एक खोबणी असते. ती खोबणी कोणत्या रेणूनं बुजेल, हे ती स्क्रीनवर लाखो रेणू एकेक करून बसवून बघायची. त्यातले वरचे काही मला सांगायची, ते मी बनवायचे. तिच्या कामाला वास नाही, डाग नाहीत, आणि माझ्या ओढण्यांना अ‍ॅसिडची भोकं. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, डोकावून विचारलं, "हे सगळं रोज हातानं करता तुम्ही?"

"मग काय पायानं करू?" मी म्हटलं. ती इतकी खळखळून हसली की आमचं तिथेच जमलं.

तिनं खांदा कॉलनीत आमच्या मागच्याच गल्लीत फ्लॅट भाड्यानं घेतला होता. मी तिला सकाळी स्कूटरवर मागे बसवून न्यायची. लोकांसमोर मी मॅडम आणि स्कूटरवर ताई.

तिनं सुचवलेल्या पहिल्या खेपेतला एक रेणू फारच चांगला निघाला. तो घातला की एन्झाइमचं काम जवळजवळ थांबायचं. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, स्वतः पेढे घेऊन आले. आमच्या प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं लवकरच भेटीला येणार होती, त्यामुळे सरांचा आनंद दुप्पट. ती मुलगी तर दिवसभर जमिनीवर नव्हतीच. तिनं आईला फोन करून सांगितलं, "आई, माझा रेणू चालला!" माझा रेणू हे ऐकून मला गंमत वाटली, कारण तो बनवताना हात माझे भाजले होते. पण मी पेढा खाल्ला आणि मनापासून अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी मी ती चाचणी शेजारी उभी राहून बघितली, तेव्हा मला एक गोष्ट खटकली. रेणू पाण्यात मिसळल्यावर द्रावण किंचित धुरकट दिसत होतं. दिव्यासमोर धरलं तरच कळावं इतकंच, तांदूळ धुतलेल्या दुसऱ्या पाण्यासारखं. शिवाय त्या खेपेतले आणखी दोन रेणूही चालले होते, आणि त्या तिघांच्या आकारात काडीचंही साम्य नव्हतं. एका कुलपाला तीन वेगवेगळ्या किल्ल्या लागाव्यात, तसं. असे रेणू मी आधीच्या कंपनीत पाहिले होते. ते पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांचे बारीक गोळे होतात. एन्झाइम त्या गोळ्यांना जाऊन चिकटतं आणि गप्प बसतं. खोबणीपर्यंत काही पोचलेलंच नसतं, आणि आपल्याला वाटतं औषध सापडलं.

हे तपासायची रीत सोपी आहे. चाचणीत अगदी थोडं डिटर्जंट घालायचं. एन्झाइमला त्याचा त्रास होत नाही, पण गोळे फुटतात. रेणू खरोखर खोबणीत बसत असेल तर डिटर्जंटनं फरक पडत नाही.

मी तिला बोलावलं आणि तिच्यासमोरच ते घातलं. एन्झाइम पुन्हा पूर्ववत काम करू लागलं. आलेख बघून तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझं मॉडेल चुकलं," ती म्हणाली.

"ते अजून कळलेलंच नाही. रेणू गोळे करून बसला होता, खोबणीला त्यानं हातच लावला नाही."

"पण तुम्ही हे सरांना सांगणार."

"आपण दोघी सांगू."

"तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून निघून गेली. संध्याकाळी ती रिक्षानं घरी गेली. पुढचे काही दिवस माझी मागची सीट रिकामीच राहिली. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या मावशी जवळच्याच गावच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. बीकर वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "तुमी दोगी बोलत नाय का? ती पोरगी डबाबी खात नाय हल्ली."

सरांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं.

"मॅडम, पाहुणे येतायत. आपण याला प्राथमिक निष्कर्ष म्हणू. नंतर काय ते बघू."

"सर, प्राथमिक म्हणजे अपुरं. हे अपुरं नाही, चुकीचं आहे."

"तुम्ही एवढ्या का अडून बसता?"

तेव्हा मी त्यांना ते सांगितलं, जे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजात असताना मला क्षय झाला होता. रोज मूठभर गोळ्या, केशरी लघवी, भातावरची वासना उडालेली, आणि माझी भांडी वेगळी ठेवणारी सख्खी मावशी. "सर, तेव्हा पेपरात नवीन औषधाची बातमी आली की मी ती कापून उशीखाली ठेवायची. त्या बातम्यांचं पुढे काय झालं ते मला आज कळतं. त्यात आपली एक भर नको."

 मी निघताना सर म्हणाले, "मग पाहुण्यांपुढे तुम्हीच उभ्या राहा."

रविवारी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. तिनं दार उघडलं. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. खिचडी मात्र तिनं उभ्याउभ्याच खाल्ली.

"ताई, मला वाटलं होतं माझं इथलं स्थान पक्कं झालं," ती म्हणाली.

"पेढ्यानं कुणाचं पक्कं होतं का? सोमवारी तो आलेख पाहुण्यांना समजावायचा आहे. मॉडेलवर प्रश्न आला तर मी ततपप करणार."

तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही बसा समोर. मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. मीटिंगच्या खोलीत पडद्यावर दोन आलेख लावले, एक डिटर्जंटशिवाय आणि एक डिटर्जंट घालून, आणि सरळ सुरुवात केली, "हा आमचा सगळ्यात चांगला रेणू होता. तो का फसवा आहे ते मी दाखवते." आवाज खणखणीत होता. पाहुण्यांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता तुमच्या हातात काय आहे?"

"इथून पुढे प्रत्येक रेणू डिटर्जंट घालूनच तपासला जाईल," ती म्हणाली. "आणि मॉडेलमध्ये काय राहिलंय, ते आम्ही शोधतोय."

बाईंनी मान डोलावली. प्रकल्प चालू राहिला. सरांनी त्या दिवशी आम्हा दोघींना चहा पाजला, तोही बाहेरच्या टपरीवर, ट्रकच्या धुरळ्यात. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं."

त्यानंतर मी तिच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. इतके दिवस मी तिनं पाठवलेलं चित्र घ्यायची आणि कामाला लागायची. खोबणी मी कधी नीट बघितलीच नव्हती. तिनं ती स्क्रीनवर गरागरा फिरवून दाखवली. एका कोपऱ्यात मला पोकळी दिसली.

"इथे काही नसतं?"

"पाण्याचा एक रेणू होता. रेणू बसवून बघायच्या आधी आम्ही पाणी सगळं काढून टाकतो."

"का?"

"पद्धत आहे. बहुतेक सगळे काढतात. पाणी इकडेतिकडे हलत असतं, ते ठेवलं तर हिशोब फार वाढतो."

"आणि हे पाणी हलत नसेल तर?"

तिनं त्याच एन्झाइमची दुसऱ्या गटांनी स्फटिक बनवून क्ष-किरणांनी काढलेली चित्रं उतरवून घेतली आणि एकावर एक ठेवली. सगळ्यांत तो पाण्याचा रेणू नेमका त्याच जागी होता. दोन भिंतींना धरून बसलेला, घरचाच असल्यासारखा. ती खुर्चीतच ताठ झाली. "ताई, मी घरमालकालाच बाहेर काढून भाडेकरू शोधत होते."

पाणी जागेवर ठेवून तिनं सगळा हिशोब नव्यानं केला. आधी वर असलेले रेणू खाली गेले आणि कुठेतरी तळाशी पडलेला एक साधा, ठेंगणा रेणू वर आला. तो बनवताना मात्र माझा कस लागला. मधल्या एका टप्प्यावर फ्लास्कमध्ये दर वेळी डांबर व्हायचं. मी तापमान उतरवलं, बेस बदलला, मग सॉल्व्हंट बदलला. एका दुपारी फ्लास्कच्या कडेनं सुयांसारखे पांढरे स्फटिक धरले, तेव्हा मी हूडची काच खाली केली आणि नुसतं बघत बसले.

या वेळी दोघींनी ठरवलं की आपणच आपल्यावर भाबडा विश्वास ठेवायचा नाही. मी त्या रेणूबरोबर काही निकामी रेणूही मावशींकडे दिले. मावशींनी प्रत्येक कुपीतलं थोडं दुसऱ्या कोऱ्या कुपीत घेतलं, दोन्हींना एकाच रंगाची टिकली लावली आणि नाव असलेल्या कुप्या आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आम्हाला मिळाल्या फक्त टिकली लावलेल्या बिननावी कुप्या. डिटर्जंट घालून चाचणी झाली. जांभळ्या टिकलीनं एन्झाइम थांबवलं, बाकीच्यांनी काही केलं नाही. मावशींनी कपाट उघडून जांभळी टिकली पुढे केली. आमचाच रेणू होता.

मग दुसऱ्या रीतीनं ताडून बघितलं. एन्झाइम हळूहळू तापवलं की एका तापमानाला ते उकलतं. रेणू आत घट्ट बसला असेल तर उकलायला जास्त उष्णता लागते. तशी ती लागली. शेवटी थोडा नमुना दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला पाठवला, आमचं उत्तर न कळवता. त्यांचंही तेच आलं. तो ईमेल वाचून तिनं मला कडकडून मिठी मारली. माझ्या अंगावर लॅब कोट होता, त्यावर आयोडिनचा डाग होता, आणि तिचा कुर्ता पांढरा होता. तिला पर्वा नव्हती.

औषध अजून झालेलं नाही. यकृताच्या पेशींमध्ये तो रेणू फार लवकर तुटतो, असं पुढच्या चाचणीत दिसलं. ते कळलं तेव्हा आम्ही पाताळगंगेच्या काठी आपटा गावाला सहलीला गेलो होतो. माझा नवरा आणि तिचा होणारा नवरा पाण्यात पाय सोडून क्रिकेटवर वाद घालत होते. तिनं फोनवर आलेला रिपोर्ट मला दाखवला. मी वाट बघत होते की आता चेहरा उतरेल. तिनं ओल्या वाळूवर काडीनं रेणू काढला आणि एका टोकावर बोट ठेवलं.

"हे टोक तुटतंय. इथे फ्लोरिन बसवलं तर?"

"बसवता येईल. पण मग ते खोबणीतल्या पाण्याला धक्का देणार नाही ना?"

"ते मी बघते. तुम्ही बनवायच्या तयारीला लागा."

तिनं बघितलं, मी बनवला. फ्लोरिनवाला रेणू बराच जास्त टिकतो. डिटर्जंटमध्ये टिकतो, टिकल्यांच्या परीक्षेत टिकतो, यकृताच्या पेशींतही टिकतो. आता तो उंदरांवर तपासायला एका मोठ्या संस्थेकडे गेला आहे. तिथे काय होईल ते त्यांचे आलेख सांगतील. मी सध्या त्याचा पुढचा भाऊ बनवते आहे. फ्लास्क हूडमध्ये ढवळला जातो आहे, आणि ती माझ्या मागे उभी राहून हातमोजे चढवते आहे, कारण या खेपेचा रेणू शुद्ध करायचा काचेचा कॉलम तिला स्वतःच्या हातानं चालवायचा आहे.